सव्वातीन तासांचं विमान

रात्री ११.५०. बदलापूर पूर्व. नऊला आडवा झालेला ड्रायव्हर उठतो, तोंडावर पाणी मारतो. पंपावर आता रांग छोटी असते. दिवसा तीच पार रस्त्यावर येते. सहा किलो सीएनजी बसतो. किलो ऐंशीच्या आसपास, म्हणजे पाचशेला थोडे कमी.

१२.५०. उल्हासनगर, कॅम्प तीन. दुसरा मजला, लिफ्ट बंद, चार बॅगा. अंकल एकेक बॅग हातातल्या काट्याला लटकवून बघतात. एक साडेबत्तीस किलो भरते. पापडाची दोन पाकिटं बाहेर येतात, आंटी ती दुसऱ्या बॅगेत कोंबतात. दुबईच्या मुलीनं दुसरं काही मागितलेलंच नाही. डिकीत सिलिंडर, म्हणून सगळ्यात मागची सीट पाडून बॅगा रचायच्या. या हमालीचे वेगळे पैसे नाहीत.

१.१५. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजणोली. कंटेनरच कंटेनर. सोबत निघालेला अंकलचा नातू मोबाइलवर बघून सांगतो, दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, विमान सव्वातीन तास. विमानतळ उल्हासनगरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी नऊला निघालं तर अडीच तासही लागतात, हे ड्रायव्हर बोलत नाही. ठाण्याच्या पुढचा टोलनाका न थांबता जातो. ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना तिथं टोल नाही. आधी ४५ रुपये पडायचे. ते वाचले खरे, पण गिऱ्हाइकानं लगेच भाड्यातून कापले.

२.३०. सहारचा उन्नत रस्ता, टर्मिनल दोन. विमान साडेपाचला, पण तीन तास आधी पोचायचं. मागून शिट्टी वाजतेय, गाडी पुढे घ्या. दोन हजार रोख. आंटी वर पन्नास देतात, "चाय पी लेना, बेटा."

३.००. चहा पंधरा रुपये. रिकामं परतलं तर गॅस अंगावर, म्हणून अंबरनाथचं भाडं धरून ठेवलंय. ते विमान दुबईहून ६.४० ला येणार. सीट मागे टाकून झोप. डास आहेत, पण काच वर केली की घुसमटतं.

६.२०. विमान वीस मिनिटं आधीच उतरतं. थंडीत तिकडून येताना उंचावरचा पश्चिमेचा जोरदार वारा पाठीशी असतो. जाताना तोच वारा समोरून. ड्रायव्हरला हे अनुभवानं पाठ आहे, त्यामुळे गजर सहाचाच. बॅगा यायला मात्र पाऊण तास.

८.४५. ऐरोली, महापे, शिळफाटा झालं. काटई नाक्याला गाडी उभी. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे. अंकलचं विमान एव्हाना दुबईला टेकलं असेल. तिथल्या घड्याळात सव्वासात. इथं पुढचा टेम्पोवाला इंजिन बंद करून खाली उतरलाय.

९.४०. अंबरनाथ. सोळाशे. एकूण छत्तीसशे पन्नास. गॅस, चहा, वडापाव वजा जाता एकतीसशेच्या आत-बाहेर. हप्ता महिन्याला साडेचौदा हजार. टायर, इन्शुरन्स वेगळे. शिवाय अशी फेरी रोज कुठे मिळते?

१०.१०. बदलापूर. गाडी धुवायला घेतली तोच फोन. पुढच्या आठवड्यात कॅम्प चारहून विमानतळ, पण नवी मुंबईचा. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं सुरू झाली. तळोजा-पनवेलवरून अंतर कमी.

"मग भाडंपण कमी ना, भाऊ?"

ड्रायव्हर बादली खाली ठेवतो. "चौदाशे द्या. परतीचं भाडं तिकडून मिळत नाही अजून."