तोफेपुढे आडोसा नको

चिनी बुद्धिबळ, म्हणजे श्यांगची, नव्याने शिकणाऱ्याला पहिल्याच खेळीत घोडा मारायचा मोह होतो. त्याची तोफ समोरच्या तोफेवरून उडी घेते आणि थेट शेवटच्या ओळीतल्या घोड्यावर पडते. पण घोड्याला खेटूनच प्रतिस्पर्ध्याचा रथ उभा असतो. तो तोफ टिपतो आणि त्याच खेळीत कोपऱ्यातून बाहेरही पडतो. पटावर गर्दी असते तोवर तोफ घोड्यापेक्षा मोलाची, त्यामुळे सौदा आतबट्ट्याचा.

तोफ चालते आपल्या हत्तीसारखी, सरळ आणि लांब. (चिनी पटावरचा हत्ती वेगळाच: तिरपा, दोनच पावले, आणि पटामधली नदी तो कधी ओलांडत नाही.) मारायचे असेल तर मात्र तोफ आणि सावज यांच्यात नेमकी एक सोंगटी लागते, मग ती कोणाचीही असो. एकही नसली किंवा दोन असल्या, की तोफ मुकी.

शह बसला की मधे प्यादे सरकवायचे, ही आपली सवय इथे नडते. तोफेचा शह मोडायचा तर मधली सोंगटी आपली असल्यास काढून घ्यावी, नाहीतर तिच्या जोडीला आणखी एक आणावी. मधल्या उभ्या रेघेवर राजासमोर तोफ बसली आणि दोघांत काहीच नसले, तर नवख्याला राजा सुरक्षित वाटतो. खरे तर तो जखडलेला असतो. मधे एखादा मोहरा आणला तर स्वतःच स्वतःला शह, आणि तशी खेळी नियमात बसत नाही. म्हणून पहिल्याच खेळीत तोफ मधल्या रेघेवर आली, की तिच्या नेमावर असलेले मधले प्यादे राखायला समोरचा बहुधा घोडा बाहेर काढतो.

दोन तोफा एकाच रेघेवर एकमेकींना चिकटून राजावर रोखल्या, की खरी पंचाईत. मागची तोफ पुढचीवरून शह देते. मधे सोंगटी घातली तर पुढची तोफ तिच्यावरून शह देते. बरे, पुढची तोफच मारली, तर मारणारी सोंगटी मागच्या तोफेचा नवा आडोसा होते! मागची तोफ मारणे किंवा राजाने बाजूला सरकणे, एवढेच उरते. आणि शेजारची घरे बहुतेकदा राजाच्याच सल्लागारांनी अडवलेली असतात.

डाव उतरणीला लागला की तोफेचे दिवस फिरतात. सोंगट्या संपतात, उडी मारायला काही उरत नाही. जाणते खेळाडू म्हणूनच आपले सल्लागार जपतात. तोफ माघारी राजवाड्यात आणायची आणि घरच्याच सल्लागारावरून अख्ख्या पटापलीकडे मारा करायचा, हा त्यांचा डाव.

कोरियन जांगीत तोफेला उडीशिवाय हलताही येत नाही. शिवाय तिथे तोफेने तोफेवरून उडी मारायची नाही आणि तोफ मारायचीही नाही. पहिल्या खेळीतला तो घोडा तिथे वाचतो.