बौद्धिक अक्षमता असलेल्या आरोपीला फाशी देता येते का?

प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा असतोच. "समजलं का रे?" असं विचारलं की लगेच "हो सर" म्हणतो. वही उघडली की कळतं, काहीच समजलेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. समोरच्याने रागावू नये, एवढंच त्याला हवं असतं. उद्या हाच मुलगा मोठा होऊन पोलीस ठाण्यात बसला आणि कुणी दरडावून विचारलं, "तूच केलंस ना?" तर? तिथेही "हो साहेब" हेच उत्तर येण्याची भीती असते. कायद्याने अशा माणसाकडे कसं पाहावं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आजार वेगळा, अक्षमता वेगळी

आपल्याकडे सगळ्यांना एकच शब्द लावतात, "वेडा". हे चूक आहे. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि औषधाने आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक अक्षमता मात्र वाढीच्या वयातच दिसते आणि आयुष्यभर राहते. ती ठरवताना तीन गोष्टी पाहतात: बुद्ध्यांक साधारण ७० किंवा त्याखाली, रोजच्या व्यवहारात अडचण, आणि ही अडचण लहानपणापासून असणं.

अमेरिकेतला निकाल

व्हर्जिनिया राज्यात १९९६ साली अपहरण, लूट आणि खून असा गंभीर गुन्हा घडला. डॅरिल अ‍ॅटकिन्स या आरोपीला फाशी सुनावली गेली. त्याचा बुद्ध्यांक ५९ असल्याची साक्ष मानसतज्ज्ञाने दिली होती. २० जून २००२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या गुन्हेगाराला फाशी देणं ही क्रूर शिक्षा आहे, म्हणून ती घटनाबाह्य आहे. याच न्यायालयाने १९८९ मध्ये अशी बंदी घालायला नकार दिला होता.

कोर्टाने असं म्हटलं नाही की असा माणूस निर्दोष आहे. त्याला जन्मठेप होऊ शकते. पण ज्याची परिणाम ओळखण्याची आणि स्वतःला आवरण्याची ताकद कमी आहे, त्याचा दोषही तेवढा कमी. शिवाय असा माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊ शकतो, वकिलाला नीट मदत करू शकत नाही, आणि कोर्टात त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला नाही तर तो निर्दयी वाटतो.

अक्षमता कशी ठरवायची, हे मात्र राज्यांवर सोडलं आणि वाद तिथेच पेटला. फ्लोरिडाने ७० ही रेषा आखली. बुद्ध्यांक ७१ आला तर पुढचा पुरावा पाहायचाच नाही. चाचणीत काही गुणांचा फरक पडतोच, म्हणून २०१४ मध्ये हा नियम रद्द झाला. २०१७ मध्ये टेक्सासला सांगितलं गेलं की लोकांच्या समजुतीवर नव्हे, वैद्यकशास्त्राच्या निकषांवर ठरवा. खुद्द अ‍ॅटकिन्सला २००५ मध्ये ज्युरीने अक्षम मानलंच नाही. त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली, पण कारण वेगळं होतं: सरकारी पक्षाचं गैरवर्तन.

आपल्याकडे काय?

भारतात अशी सरसकट बंदी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंडसंहितेचं कलम ८४) सांगतं की मनोविकलतेमुळे ज्याला आपलं कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. पण सौम्य अक्षमता असलेल्याला "चोरी वाईट" एवढं कळत असतं. त्यामुळे तो या कलमात सहसा बसत नाही. शरियतमध्येही माणूस मुकल्लफ ठरायला अक्ल ही अट आहे. मात्र इथल्या फौजदारी कोर्टात चालतो तो देशाचा कायदा.

मग हा मुद्दा येतो शिक्षा ठरवताना. १९८० च्या बच्चन सिंग निकालात मानसिक दोष ही शिक्षा सौम्य करणारी बाब म्हणून नोंदली गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हा फाशी बदलण्याचा आधार मानला. २०२२ च्या मनोज निकालाने फाशीच्या खटल्यात आरोपीचा मानसिक अहवाल मागवायला सांगितलं. तरीही वकिलाने मुद्दा मांडला नाही तर तो राहूनच जातो.

घरच्यांनी काय करावं?

अशा खटल्यात सर्वांत मोठा पुरावा म्हणजे लहानपणीचे कागद. शाळेची प्रगतीपुस्तकं, डॉक्टरांची चिठ्ठी, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आणि आपल्या घरांत नेमकं हेच नसतं. "लोक काय म्हणतील, बहिणीचं लग्न कसं जमेल" म्हणून अम्मी-अब्बा मुलाची तपासणीच करत नाहीत. आम्ही पालकसभेत हे कित्येकदा ऐकलं आहे.

म्हणून शंका असेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र काढा, शाळेचे कागद जपून ठेवा. मुलाला पोलिसांनी नेलं तर पहिल्याच दिवशी त्याची अक्षमता लेखी कळवा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या घरच्यांनाही इन्साफ मिळालाच पाहिजे. पण "हो साहेब" या दोन शब्दांवर कुणाचा जीव जाऊ नये. हे कागद बाजूला ठेवायला दहा मिनिटं लागतात. आजच ठेवा.