यंत्रे अनेक, माप एक

पुलगावचे रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथून आर्वीला एक छोटी गाडी जात असे. ती १९१७ साली सुरू झाली. मुंबईकडून नागपूरकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते. या छोट्या गाडीच्या रुळांमध्ये मात्र फक्त ७६२ मिलिमीटर अंतर होते. त्यामुळे आर्वीचा कापूस पुलगावपर्यंत आला की डबा तेथेच थांबे. गाठी उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायच्या! दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, पण त्यांचे माप एक नव्हते. ती छोटी गाडी आता बंद झाली आहे.

संगणकांचेही असेच होते. समजा, एखाद्या कंपनीची कार्यालये मुंबई, दुबई, लंडन आणि टोकियो येथे आहेत. प्रत्येक कार्यालयाने आपल्या मनाला येईल तो संगणक आणि आवडेल ते सॉफ्टवेअर घेतले, तर काय होईल? मुंबईत तयार झालेली फाइल दुबईत उघडणार नाही. बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला सारे काम नव्याने शिकावे लागेल. दुरुस्ती करणाऱ्याला दहा प्रकारच्या यंत्रांचे सुटे भाग जवळ ठेवावे लागतील. म्हणून मोठ्या कंपन्या ठरवून टाकतात, की सर्व टेबलांवर एकाच प्रकारचा संगणक असेल आणि त्यात एकच सॉफ्टवेअर असेल. याला 'प्रमाणीकरण' म्हणतात. उर्दूत आपण ज्याला मेयार म्हणतो, तेच हे प्रमाण. आपल्या बँकांनीही हेच केले. पूर्वी हिंगणघाटच्या शाखेतले खाते हिंगणघाटलाच चाले. सगळ्या शाखा एका सॉफ्टवेअरने जोडल्या गेल्या, तेव्हा त्याच खात्यातले पैसे पुण्यातही काढता येऊ लागले.

पण कंपनीचा किंवा बँकेचा प्रमुख हुकूम काढू शकतो. ज्यांचा मालक एक नाही, त्यांनी काय करावे? शाळा, झेरॉक्सचे दुकान, कचेरी, वर्तमानपत्र यांना एकच संगणक घ्या असे कोण सांगणार?

याचा फटका मला एकदा बसला. शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत मुलांच्या नावांची मराठी यादी द्यायची होती. मी ती घरी टाइप केली आणि पेन ड्राइव्ह घेऊन छपाईसाठी वर्ध्याला गेले. दुकानातल्या संगणकावर फाइल उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे! माझा फाँट त्या संगणकात नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्जांची मुदत संपत होती. दुकानात बसून सगळी नावे मी पुन्हा टाइप केली. त्या घाईत एका मुलीच्या वडिलांचे नाव चुकले आणि तिचा अर्ज परत आला. तिला काय सांगावे, ते मला सुचेना.

असे का झाले? संगणकाला 'अलिफ' कळत नाही आणि 'अ'ही कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यावा लागतो. जुन्या मराठी फाँटमध्ये एक युक्ती केलेली असे. इंग्रजी अक्षरांचे जे आकडे होते, त्यांच्यावरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीच, वरून पोशाख मराठी! श्रीलिपी, आकृती अशी मराठीची अनेक सॉफ्टवेअर होती आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फाँट गेला की पोशाख गेला. उर्दूतही तेच. १९९४ साली आलेल्या इनपेजमुळे नस्तालीक लिपीतले छपाईचे काम फार सोपे झाले, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ वाचता येत नसे.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण ठरवले. त्यात देवनागरी होती, बंगाली होती, तमिळ होती, पण उर्दूची लिपी नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. झेरॉक्स आणि अ‍ॅपल या कंपन्यांतील अभियंत्यांनी हे काम सुरू केले होते. जगभर संगणक विकायचे, तर प्रत्येक भाषेसाठी वेगळी युक्ती किती दिवस पुरणार? त्यांनी ठरवले, की जगातील प्रत्येक अक्षराला स्वतःचा एकच आकडा द्यायचा. मराठी 'म' म्हणजे २३५०. उर्दू 'मीम' म्हणजे १६०५. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आकडा बदलत नाही. उर्दूचे टे, डाल आणि डे यांनाही त्यात आपापली जागा मिळाली. एका ओळीत डावीकडून मराठी आणि पुढच्या ओळीत उजवीकडून उर्दू, अशी एकच फाइल त्यामुळे तयार करता येते. आपल्यासारख्या दोन लिप्यांच्या शाळेला याचे मोल अधिक आहे.

मग सगळी यंत्रे आणि सगळी सॉफ्टवेअर एकसारखी केली, तर अधिक चांगले नाही का? मला तसे वाटत नाही. १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते ऐका. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर जगातील असंख्य मोठ्या संस्था वापरत होत्या. त्याच्या एका सुधारणेत चूक राहिली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. सर्वांनी एकच कुलूप लावले होते, म्हणून ते सर्वांचे एकदमच अडकले. अक्षराचा आकडा सर्वांचा एक असावा, हे खरे. पण प्रत्येक टेबलावरची प्रत्येक वस्तू एक असलीच पाहिजे असे नाही.

आमच्या शिक्षक-खोलीत आज दोन संगणक आहेत. एक जुना, एक नवा, दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे. त्यांच्यावर भिंतीला एक कागद चिकटवला आहे. 'टायपिंग फक्त युनिकोडमध्येच करावे' असे त्यावर मराठीत लिहिले आहे आणि खाली तेच उर्दूत. जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना नव्या कळा शिकायला दोन महिने लागले. अजूनही कधी कधी ते रागाने त्या कागदाकडे पाहतात. ती चुकलेली यादी मात्र मी नंतर युनिकोडमध्ये नव्याने तयार केली आणि छापण्याआधी त्या मुलीलाच वाचायला दिली.