इंजिन तापलं, म्हणून काय?
चाकणच्या तळेगाव चौकात आपण कोंडीत अडकलो आणि काटा लालकडे सरकला. आपण लगेच म्हणतो, कूलंट संपलं! न्यायदर्शन इथे आपल्याला थांबवतं. धूर दिसला की अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला ओलं सरपण लागतं. या जादा अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. कूलंट कमी झालं की इंजिन तापतं. पण तापलं म्हणजे कूलंटच कमी, हे त्यातून निघत नाही.

मग अट शोधू. कोंडीत तापते आणि मोकळ्या नाशिक हायवेवर निवते? संशय पंख्यावर किंवा त्याच्या रिलेवर, कारण धावताना वारा पंख्याचं काम करतो. बोरघाट चढतानाच तापते? मग रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर वॉटर पंप थकलाय.

गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, हं. आत दाब असतो, म्हणून कूलंट १०० अंशांवरही उकळत नाही. झाकण सुटलं की वाफ थेट अंगावर. तर्कशास्त्र तिथे उपयोगाचं नाही! गाडी कडेला घेऊ, इंजिन बंद करू, पूर्ण गार झाल्यावरच पातळी बघू.