बॅटरीची परीक्षा

गेल्या पौषातील एक पहाट. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना अधिक सांगणे नको. आमच्या वडील बंधूंचा श्वास एकाएकी कोंडू लागला. दादांना शालीत गुंडाळून गाडीत बसविले, किल्ली फिरविली. 'टक्' असा एक आवाज झाला आणि पुढे सारे शांत! अखेर शेजारच्या गृहस्थांनी आपली गाडी काढली म्हणून वेळ निभावली. दादा आज ठणठणीत आहेत. परंतु ती दहा मिनिटे आम्ही विसरू शकत नाही. कारण दोष बॅटरीपेक्षा आमचाच अधिक होता.

त्याचे मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका विजयात आहे. गाडी सुरू होताना अडखळू लागली, तेव्हा एका दुकानदाराने काहीही न तपासता 'तीन वर्षे झाली, आता बदला' असा निकाल दिला. घरी येऊन पाहतो तो टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचलेला. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो धुतला, तारा घट्ट बसविल्या आणि गाडी पूर्ववत चालू लागली. हा पराक्रम आम्ही इतक्यांना ऐकविला की, पुढे बॅटरी खरोखरच थकली तेव्हा ते मानण्याची आमची तयारी उरली नाही. सेल्फचा आवाज मंदावला होता. गाडी दोन दिवस उभी राहिली की कुरकुरत असे. घरातून दोनदा सूचना झाली. आम्ही पुन्हा टर्मिनल पुसले आणि स्वस्थ बसलो.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व सौम्य गंधकाम्ल यांची बॅटरी सिद्ध केली. आपल्या गाड्यांतील बॅटरीचे तत्त्व आजही तेच आहे. तिच्यात सहा घरे असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. आपल्याकडील उन्हाळा तिला आतून झिजवितो. थंडी ती झीज उघडी पाडते. कारण थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेल घट्ट होते आणि सेल्फला मात्र अधिक जोर लागतो.

तपासणी अवघड नाही. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. परंतु रिकामी म्हणजे निकामी नव्हे. कदाचित दिवा चालू राहिला असेल. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतो. तो न आल्यास दोष आल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असण्याचा संभव असतो. अशा वेळी नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

म्हणून बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी. नंतर सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, किंवा तारा सोडवून ठेवूनही ती रात्रीतून उतरत असेल, तर ती संपली असे समजावे. झाकणांची बॅटरी असल्यास मिस्त्रीकडून हायड्रोमीटर लावून घ्यावा. भरल्यानंतर प्रत्येक घरात १.२६५ च्या आसपास आकडा यावा; एकच घर इतरांहून ०.०५० ने मागे राहिले, तर त्या घराने साथ सोडली म्हणायची. डबा फुगला वा चिरला असेल, तर परीक्षेचीही गरज नाही, बदलावीच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी ओढू नये, आणि तारा सोडविताना ऋण टोकाची तार प्रथम सोडवावी. जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता दुकानातच परत करावी. तिच्यातील शिसे विषारी असते आणि ते पुन्हा उपयोगातही येते.

परीक्षा घेतल्यावाचून कोणाला नापास करू नये, हे आम्ही शाळेत जन्मभर सांगत आलो. त्या दुकानदारावर रागावलो तेही त्याचसाठी. परंतु परीक्षेवाचून कोणाला पासही करू नये, ही दुसरी बाजू त्या पहाटे आम्हांस उमगली. आता बॅटरीला तीन वर्षे झाली की दर दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, मल्टिमीटर बाहेर निघतो. आकडा जो येईल तो मान्य करावयाचा, हा घरचा नियम झाला आहे.