ओव्हनची न दाबलेली बटणे

रावेतमध्ये राहून चाकण, भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपल्या काही घरांत आता मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे. पण बहुतेक ठिकाणी एकच बटण दाबले जाते. मग भात कडेला कोरडा आणि मध्ये गार!

'पॉवर'चे बटण पुन्हा दाबून शक्ती निम्मी करा. निम्म्या शक्तीवर ओव्हन थांबून थांबून तापवतो. त्या थांब्यात उष्णता आतपर्यंत पोहोचते. काचेच्या भांड्यात भातावर पाणी शिंपडा, सैल झाकण ठेवा, मध्ये एकदा ढवळा. चांगली वाफ आली की काढून २ मिनिटे झाकून ठेवा. स्टीलचा डबा आणि कवचासह अंडे मात्र आत नको.

आईवडील पाळीवर आणि मुले घरी एकटी, अशा घरात 'चाइल्ड लॉक' लावाच. अनेक ओव्हनमध्ये 'स्टॉप'चे बटण काही सेकंद दाबून धरले की ते लागते.

माहितीपुस्तिका इंग्रजीत असली तरी बिचकू नका. १९४५ साली या ओव्हनची कल्पना मांडणारे अमेरिकेतील पर्सी स्पेन्सर यांचेही शिक्षण अर्धवटच राहिले होते. शिकणाऱ्या मुला-मुलींकडून पुस्तिका वाचून घ्या.

बंधूंनो, ही बटणे तुम्हीही शिका. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा येणाऱ्याने आपले ताट आपण गरम केले, तर पहाटे डबा करायला उठणाऱ्या माउलीची झोप मोडत नाही. समता घरातूनच सुरू होते. जय भीम!