गाविलगडाच्या रांगेतील पायपीट

वऱ्हाडातल्या तरुणांना अलीकडे हिमालयाने ओढ लावली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कारण ज्या मुलखात कपाशी आणि तुरीच्या पिकांखेरीज क्षितिजापर्यंत नजरेला काही अडत नाही, तेथे वाढलेल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी महापर्वतापुढे उभे राहावे, हे इष्टच होय. मात्र अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर आणि अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर वसलेली. तेथील माणूस दोन-तीन दिवसांत ४,००० मीटर उंचीच्या खोऱ्यात जाऊन पोहोचतो, तेव्हा तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरलेला असतो, आणि डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही लक्षणे धट्ट्याकट्ट्या प्रकृतीलाही गाठतात. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून ५०० मीटरांपेक्षा अधिक उंच नेऊ नये, हा जाणत्यांचा दंडक त्यासाठीच आहे. तो पाळण्याला पायांतील बळापेक्षा मनाचा संयम अधिक लागतो. हा संयम डोंगरात चालूनच अंगी बाणतो, आणि त्याकरिता लागणारा डोंगर वऱ्हाडाच्या उत्तर सीमेवर आपली वाट पाहत उभा आहे.

परतवाड्याहून किंवा अकोटहून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला सपाट काळी जमीन संपताच गाविलगडाच्या रांगेचा जो उभा कडा सामोरा येतो, तो भूगर्भातील एका मोठ्या भ्रंशाच्या रेषेवर उठलेला आहे. सातपुड्याच्या या शाखेत चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असून वैराटचे शिखर १,१७८ मीटरांपर्यंत जाते. हिमालयाच्या मानाने ही उंची किरकोळ खरी. पण अमरावतीच्या उकाड्यातून वर आलेल्याला चार-पाच अंशांचा गारवा अंगाला तत्काळ जाणवतो, आणि कड्यामागे मेळघाटच्या दऱ्या एकीमागून एक उलगडू लागल्या म्हणजे उंचीचा आकडा मनातून गळून पडतो. येथील पाण्याची वाटणी तर मुद्दाम पाहण्याजोगी आहे. उत्तर उतारावरच्या सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तापीकडे धावतात. दक्षिणेकडच्या चंद्रभागा आणि शहानूर पूर्णेला मिळतात. आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवाजवळ तापीतच विलीन होत असल्यामुळे, एका धारेवरून दोन दिशांना ओघळलेले पाणी लांबचा वळसा घेऊन पुन्हा एकत्र येते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तेथल्या गावांना वान आणि शहानूर या धरणांतून जे गोडे पाणी मिळते, ते याच डोंगराचे देणे आहे.

या रांगेतील सर्वांत बिकट पायपीट इतिहासाच्या दफ्तरात नोंदलेली आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. गडाची दक्षिण बाजू तुटलेल्या कड्याची. हल्ला करावा तर उत्तरेकडच्या पठारावरूनच. म्हणून ७ डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, डोंगरात शिरली आणि १२ डिसेंबरला गडाच्या उत्तरेस जाऊन थडकली. रस्ता असा नव्हताच. शिपाई तो पुढे पुढे करीत होते, आणि अवजड तोफा दऱ्यांतून माणसांच्या हातांनी ओढून नेल्या जात होत्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तहनामा झाला. गाविलगडाच्या तटावर उभे राहून उत्तरेची ती दाट खोरी पाहिली म्हणजे तोफा ओढणाऱ्या त्या अनाम माणसांच्या कष्टांची आठवण मला सेनापतीच्या कीर्तीपेक्षा अधिक होते.

नवख्याने मात्र नरनाळ्याच्या गडापासून आरंभ करावा. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात गाविल आणि नरनाळा ही दोन स्वतंत्र सरकारे, म्हणजे सुभ्याचे विभाग, होती, एवढा या गडांचा दिमाख. अकोटच्या उत्तरेस शहानूर गावापासून वाट वर चढते, आणि सागाच्या रानातून एकामागून एक दरवाजे ओलांडत माणूस महाकाली दरवाज्यापुढे येतो. १४८७ मध्ये इमादशाहीच्या संस्थापकाने, फतेहउल्ला इमाद-उल-मुल्काने, तो उभारला. फिकट वालुकाश्मावरची कमळे, अक्षरांच्या पट्टिका आणि दोन्ही अंगांना पुढे आलेले जाळीदार सज्जे इतके नाजूक आहेत की, हे काम शत्रूला अडविण्यासाठी केले असेल हे खरेच वाटत नाही. तेथे घाईने पुढे जाऊ नये. जाळीवर ऊन सरकताना निवांत बसून पाहावे.

या डोंगरात कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांची भाषा मराठीशी नव्हे, तर दूर झारखंडातील मुंडारी आणि संथाळीशी नाते सांगते. रस्त्याच्या दोन्ही हातांना समोरासमोर ओळीने बांधलेली त्यांची घरे आपल्या खेड्यांतील दाटीवाटीहून किती शिस्तशीर! कोणता झरा माघात आटतो आणि कोणत्या नाल्यात अस्वलाचा वावर असतो, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते. म्हणून वाटाड्या त्यांच्यातलाच घ्यावा, ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि त्यांच्या अंगणात शिरण्यापूर्वी विचारावे. मेळघाट हा १९७३–७४ साली जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असल्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे पायी फिरता येत नाही, आणि हा बंदोबस्त योग्यच आहे. पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे दिवस चालण्यास उत्तम. फाल्गुनात सागाची पाने गळून रान वणव्याच्या भयाने तापू लागते. येत्या हिवाळ्यात हिमालयाचे तिकीट काढण्यापूर्वी अकोटची मोटार धरा, पुरेसे पाणी बरोबर घ्या, आणि सूर्यास्तापूर्वी शहानूरला परत उतरा.